नेहमीच्या गोळ्या, जुनी चिठ्ठी आणि मेडिकलचे दुकान

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, हृदयविकार, दमा, फिट्स यांपैकी एखादे दुखणे ज्यांच्या घरात आहे, त्यांना महिन्यातून एकदा तरी मेडिकलच्या दुकानाची पायरी चढावी लागते. औषध सुरू करून देणे हे डॉक्टरचे काम. पण ते वर्षानुवर्षे सुरू राहणे बऱ्याच अंशी चिठ्ठी आणि दुकान या दोहोंवर अवलंबून असते. आपट्यासारख्या गावात प्रॅक्टिस करताना मला नेहमी असे दिसते, की रक्तदाब वाढून आलेल्या पुष्कळ रुग्णांचे औषध लागू पडत नाही अशातला भाग नसतो. ते मध्येच आठ-दहा दिवस बंद पडलेले असते. का बंद पडले असे विचारले, की उत्तरे ठरलेली. "चिठ्ठी जुनी झाली म्हणाला." "ती कंपनी येत नाही म्हणाला." "सोमवारी माल येईल म्हणाला, सोमवारी गेलो तर दुकान बंद." "मुलगा कामाला पनवेलला जातो, त्याला सांगितलं होतं, तो विसरला."

शेवटच्या उत्तरावर माझ्याकडे औषध नाही. बाकीच्यांवर आहे.

प्रथम 'जुनी चिठ्ठी' हा विषय घेऊ, कारण सर्वांत जास्त वादावादी तिच्यावरूनच होते. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्यातला ६५ वा नियम किरकोळ विक्रीविषयी आहे आणि तो प्रत्येक रुग्णाने ऐकून ठेवावा इतका साधा आहे. ज्या औषधाच्या पट्टीवर 'आरएक्स' अशी खूण असते, ते नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. त्या चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाची एकूण संख्या आणि घ्यावयाची मात्रा असली पाहिजे. आणि पुढचा भाग महत्त्वाचा : अशा चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे असते. पुन्हा द्यावयाचे तर तशी सूचना डॉक्टरने चिठ्ठीवरच लिहिलेली असावी लागते. 'इतक्या वेळा' किंवा 'इतक्या दिवसांनी' असे लिहिले असेल तर त्याप्रमाणेच द्यावे लागते, कमी नाही आणि जास्तही नाही. प्रत्येक वेळी औषध देताना दुकानदाराने आपले नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवावी, असेही नियमात आहे. म्हणजे दुकानदार जेव्हा "ही चिठ्ठी चालणार नाही" म्हणतो तेव्हा तो उगाच अडवणूक करतो असे समजू नये. उलट तीन वर्षांची चुरगळलेली चिठ्ठी पाहून जो काही न विचारता पट्टी पुढे सरकवतो, तो आपली सोय करीत असला तरी नियम मोडीत असतो.

मग नेहमीच्या रुग्णाने दर महिन्याला डॉक्टरची फी भरून नवी चिठ्ठी आणावी काय? मुळीच नाही. ज्याचा रक्तदाब स्थिर आहे त्याने दर महिन्याला चिठ्ठीसाठी दवाखान्यात तिष्ठत बसणे हा दोघांच्याही वेळेचा अपव्यय आहे. उपाय नियमातच दिलेला आहे, पण आम्ही डॉक्टर मंडळी लिहावयाचा कंटाळा करतो आणि रुग्ण मागत नाहीत. चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ मागून घ्यावी : "वरील औषधे दर ३० दिवसांनी, एकूण ३ वेळा द्यावीत. त्यानंतर तपासणी." एवढी ओळ असली की दुकानदाराला देता येते, रुग्णाला मागता येते आणि तपासणीची तारीखही आपोआप ठरते. कोणाला तीन वेळा, कोणाला सहा वेळा, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टर ठरवील. 'चालू ठेवा' एवढेच मोघम लिहिलेली चिठ्ठी मात्र भांडणाचे मूळ असते; तिचा अर्थ दुकानदार एक लावतो, रुग्ण दुसरा.

दुसरी गोष्ट संख्येची. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण औषध खंडित होण्याचे ते मोठे कारण आहे. समजा, एका गृहस्थाला रोज एक याप्रमाणे तीन गोळ्या आहेत. एकीची पट्टी १० गोळ्यांची, दुसरीची १४ ची, तिसरीची १५ ची. त्याने पहिल्या तारखेला प्रत्येकी एक पट्टी आणली. आता पहिली संपणार दहा दिवसांनी, दुसरी चौदा दिवसांनी, तिसरी पंधरा दिवसांनी. मग पुन्हा विसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि तिसाव्या दिवशी. एका महिन्यात दुकानाच्या सहा फेऱ्या! ज्याला मोहोपाड्याला किंवा पनवेलला जाऊन औषध आणावे लागते तो सहापैकी दोन फेऱ्या चुकवणारच, आणि त्या वेळी जी गोळी संपलेली असेल ती बंद पडणार. म्हणून डॉक्टरकडून प्रत्येक औषधापुढे 'एकूण ३०' असे लिहून घ्यावे आणि सर्व औषधे एकाच दिवशी आणावीत. दहाच्या तीन पट्ट्या, पंधराच्या दोन, चौदाच्या दोन आणि वर दोन सुट्या. सुट्या गोळ्या द्यायला दुकानदार नाखूष असतो, कारण कापलेल्या पट्टीचा उरलेला तुकडा त्याच्या गळ्यात पडतो. त्याची अडचण खोटी नाही. नेहमीचे गिऱ्हाईक असल्यास तो सहसा देतो. न दिल्यास पूर्ण पट्टी घेऊन उरलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यात मोजून धराव्यात. सुट्या गोळ्या घेताना पट्टीच्या ज्या बाजूला मुदत आणि बॅच क्रमांक छापलेला असतो तो भाग दुकानदाराकडे राहतो, हे लक्षात ठेवून तो तेथल्या तेथे पाहून घ्यावा व बिलावर उतरला आहे याची खात्री करावी.

आता कंपनी बदलण्याविषयी. "तीच गोळी आहे, फक्त कंपनी दुसरी" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते पुष्कळदा खरे असते. परंतु नियम असा आहे, की डॉक्टरने जे औषध लिहिले असेल त्याच्या ऐवजी दुकानदाराने स्वतःच्या मनाने दुसरे देऊ नये, मग त्यात घटक तोच असला तरीही. डॉक्टरने फक्त घटकाचे, म्हणजे जेनेरिक नाव लिहिले असेल तर कोणत्याही चांगल्या कंपनीचे देता येते. डॉक्टरांनी जेनेरिक नावे, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी सुधारणा भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमावलीत केली. माझे मत असे, की ब्रँडचे नाव लिहावयाचे असेल तर खाली घटकाचे नावही लिहावे. रुग्णाचा निम्मा घोळ त्याने मिटतो.

हा घोळ कसा असतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतील आजी चक्कर येते म्हणून आल्या. पायांवर सूज, रक्तदाब ९६/६०, उठून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी. पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या. दोन पट्ट्या निघाल्या. आजी म्हणाल्या, "डाक्तर, ही पांढरी जुनी, ही पिवली नवी. दोन्ही बीपीच्याच ना? मंग दोन्ही खाते." दोन्ही पट्ट्यांवर बारीक अक्षरात नाव एकच होते : अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. सुनेने दुसऱ्या दुकानातून आणलेली नवी पट्टी दुसऱ्या कंपनीची होती, जुन्या पट्टीत काही गोळ्या शिल्लक होत्या, आणि रंग वेगळा म्हणून औषध वेगळे अशी आजींची समजूत. त्या पंधरा दिवस दुप्पट मात्रा घेत होत्या. एक पट्टी बंद केली, सूज उतरली, चक्कर गेली. यात औषधाचा दोष नव्हता, आजींचाही नव्हता. "हे जुन्याच्या बदली आहे, जुन्याबरोबर घ्यायचे नाही," एवढे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून गोळी रंगाने ओळखू नये. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव असते आणि जवळच लहान अक्षरात घटकाचे नाव व मिलिग्रॅम. जुनी पट्टी फेकून न देता दुकानात घेऊन जावी आणि नव्या पट्टीशी ही दोन्ही ताडून पाहावीत. चष्मा घरी राहिला असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावीत, त्यात संकोच नको. नावाच्या शेवटी जोडलेल्या अक्षरांकडे तर फार बारकाईने पाहावे. नुसते 'तेल्मा ४०' म्हणजे एकटे टेल्मिसार्टन. तेच नाव, पण पुढे 'एएम' असेल तर त्यात अॅम्लोडिपिन मिसळलेले असते, आणि 'एच' असेल तर लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. डबा तसाच, नाव तेच, औषध मात्र एकाच्या जागी दोन. फोनवरून "तेल्मा पाठवा" असे सांगून मागवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. १ ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मोबाइलने तो वाचायला सांगितल्यास घटक, कंपनी, बॅच आणि मुदत समोर येते.

काही औषधांत मात्र कंपनी बदलणे शक्यतो टाळावे, कारण रक्तातील मात्रा थोडी इकडची तिकडे झाली तरी परिणाम होतो. फिट्ससाठीचे फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमारॉल, थायरॉईडचे थायरॉक्सिन आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचे टॅक्रोलिमस ही त्यांतली प्रमुख. यांची कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरला कळवून, आणि तो सांगेल तेव्हा रक्त तपासून.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे कुप्यांमध्ये ४० युनिटचे आणि १०० युनिटचे अशी दोन शक्तींची इन्सुलिन मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी टोपणाची. नेहमीची ४० ची कुपी नाही म्हणून १०० ची आणली आणि लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीच्या खुणेपर्यंत भरली, तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते. ही चूक जिवावर बेतू शकते. कुपी बदलली की सिरिंज बदललीच पाहिजे. पनवेलहून आणताना कुपी बर्फाला चिकटू देऊ नये; एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर वितळले तरी वापरू नये.

आता मुख्य प्रश्न : औषध मिळतच नाही, तेव्हा काय करावे? याचे उत्तर कोणते औषध यावर अवलंबून आहे. अॅसिडिटीची किंवा व्हिटॅमिनची गोळी चार दिवस नसली तर आकाश कोसळत नाही. पण काही औषधांना एका दिवसाचाही खंड चालत नाही. फिट्सचे औषध अचानक थांबले तर एकामागून एक फिट येऊ शकते. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर दिलेली क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी मुदतीपूर्वी थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल या गटातील गोळ्या एकदम बंद केल्यास छातीतील दुखणे उसळू शकते. क्लोनिडिन बंद केल्यास रक्तदाब एकदम चढतो. बरेच दिवस स्टेरॉईड घेणाऱ्याने ते अचानक सोडू नये. लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन एक-दोन दिवस चुकले तरी त्याला अत्यवस्थ होऊन इस्पितळात न्यावे लागते. ही औषधे घेणाऱ्यांनी पट्टीत सात गोळ्या उरल्या की पुढची सोय करावी. शेवटची गोळी तोंडात टाकून दुकानात जाऊ नये.

तरीही अडचण आली तर दुकानातील नोकराशी वाद न घालता फार्मासिस्टला गाठावे. त्याला विचारावे, की माल नक्की केव्हा येईल आणि तोवर दुसऱ्या दुकानातून मागवून देता येईल का? औषधविक्रेते एकमेकांना ओळखतात, एका फोनवर काम होते. नाहीच मिळाले तर त्याला आपल्या डॉक्टरशी फोनवर बोलू द्यावे. पर्यायी औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरचा आहे. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार, ज्या रुग्णाला आधी तपासलेले आहे त्याचे त्याच आजाराचे चालू औषध डॉक्टर फोनवरून बोलूनही पुन्हा लिहून देऊ शकतो. गुंगीची व नशा आणणारी काही औषधे यातून वगळलेली आहेत. तेव्हा नव्या चिठ्ठीसाठी दर वेळी गाडी पकडण्याचे कारण नाही.

आपट्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा मार्गही विसरू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले आहेत, आणि रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधे तेथे दिली जातात. फक्त तेथे मिळालेली गोळी आणि खासगीतून आणलेली गोळी एकत्र सुरू करण्यापूर्वी दोन्ही पट्ट्या कोणाला तरी दाखवाव्यात. आजींची गोष्ट वर सांगितलीच आहे. क्षयाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात; ती खंडित होण्याची चिन्हे दिसताच त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. शेजाऱ्याची 'तशीच' गोळी उसनी आणणे आणि आहेत त्या गोळ्या अर्ध्या करून पुरवणे, हे दोन घरगुती उपाय मात्र कृपा करून करू नयेत.

याच्या नेमकी उलट अशीही एक अडचण आहे, आणि ती रुग्णाला अडचण वाटत नाही. औषध फार सहज मिळते! रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तीन वर्षे एकाच चिठ्ठीवर साखरेच्या गोळ्या आणत होते. चिठ्ठीचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये. मुलगा तो दुकानात पाठवी, संध्याकाळी पुडके घरी. या तीन वर्षांत काकांचे वजन घटले, जेवण कमी झाले, मूत्रपिंडाचे काम मंदावले. ग्लिमेपिराइडची मात्रा मात्र तीच. एके पहाटे ते उठेनात. साखर तपासली तर ४६. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले आणि "मला काय झालं होतं?" असे आम्हालाच विचारू लागले. नियमात 'एकदाच' हा शब्द कशासाठी आहे, ते अशा वेळी कळते. संधिवाताचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. ते कोणी रोजची गोळी समजून पुन्हा पुन्हा आणले तर रक्तातील पेशी घटून प्राणावर बेतते. अशा औषधाच्या चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा : "फक्त रविवारी."

झोपेच्या गोळ्यांविषयी थोडे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, तसेच ट्रामाडॉल आणि काही प्रतिजैविके 'एच-१' या परिशिष्टात आहेत. हे परिशिष्ट १ मार्च २०१४ पासून अमलात आले. ही औषधे देताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व संख्या वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा "नेहमी देतोस, आजच का नाही?" म्हणून त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही.

दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असावा, चिठ्ठी पाहिली जावी, बिल दिले जावे, या गोष्टींवरून महाराष्ट्रात मोठा संघर्ष झालेला आहे. महेश झगडे हे २०११ ते २०१४ या काळात अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी या नियमांचा आग्रह धरला, परवान्यांवर कारवाई झाली, विक्रेत्यांच्या संघटनेने विरोधात दुकाने बंद ठेवली. कोणाचे किती बरोबर यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर फार्मासिस्ट समोर असणे हे फायद्याचेच आहे. त्याचे नोंदणी प्रमाणपत्र दुकानात लावलेले असते, ते पाहावे. चांगला फार्मासिस्ट "आजी, ही जुन्याच्या बदली हं" असे आपणहून सांगतो. असा मनुष्य सापडला तर दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून दुकान बदलत फिरू नये. त्याला आपली सर्व औषधे ठाऊक असणे हीच एक सुरक्षितता आहे.

चुकीचे औषध दिले गेले असे वाटल्यास गोळी घेऊ नये आणि पट्टीही फेकू नये. पट्टी, बिल व चिठ्ठी तिन्ही घेऊन आधी दुकानात जावे. बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. बिल नसेल तर बाजू लंगडी पडते, म्हणून बिल दर वेळी मागावे. दुकानदार दाद देत नसेल, मुदत संपलेले औषध देत असेल किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-२२२-३६५ असा आहे. तक्रारीत बॅच क्रमांक आणि खरेदीची तारीख अवश्य लिहावी.

राहता राहिला पावसाळा. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाताळगंगा पात्र सोडते तेव्हा काय होते हे सांगावयास नको. रस्ता बंद, गाड्या बंद, दुकानापर्यंत माल नाही. शिवाय दुकाने बंद राहण्याचे प्रसंगही येतात; २८ सप्टेंबर २०१८ रोजी ऑनलाइन विक्रीच्या विरोधात देशभरातील औषधविक्रेत्यांनी एक दिवसाचा बंद पाळला होता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नेहमीच्या औषधांचा दहा दिवसांचा जादा साठा घरात असू द्यावा. जुन्या गोळ्या आधी वापराव्यात, नव्या मागे ठेवाव्यात. गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच फडताळावर ठेवावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील आणखी एका माणसाला दाखवून ठेवावे.